चार लेकरं पाजली, म्हणून गाठ दाखवायची नाही?

स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत आज आपल्या देशात पहिला क्रमांक स्तनाच्या कर्करोगाचा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने केलेल्या अंदाजाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. हे आकडे वाचून पुष्कळांना वाटते की हा मुंबई-पुण्याचा रोग आहे, आपल्या धुळे-जळगावकडच्या बायकांना त्याचे काय? आज या समजुतीबद्दलच लिहायचे आहे.

देवपुरात दवाखाना चालवताना या रोगाविषयी दोन वाक्ये मला वर्षानुवर्षे ऐकू येतात. पहिले वाक्य बाई स्वतःबद्दल बोलते : "चार लेकरं अंगावर पाजली, मला कशाची गाठ होते?" दुसरे वाक्य दुसऱ्या कोणाबद्दल, आवाज खाली आणून बोलले जाते : "तिला मूलबाळ नाही ना, म्हणून झालं." या दोन्ही वाक्यांत मूठभर शास्त्र आहे आणि टोपलीभर गैरसमज आहे. अलीकडे त्यांत तिसऱ्या प्रश्नाची भर पडली आहे. आरोग्य शिबिरात किंवा नाशिक-मुंबईला मॅमोग्राफी करून आलेल्या भगिनी अहवाल पुढे करून विचारतात, "यात स्तन 'डेन्स' आहेत असं लिहिलंय. म्हणजे कॅन्सरची सुरुवात का?"

बाळंतपणे, अंगावरचे दूध आणि स्तनांची घनता या तीन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे. तो नीट समजून घेतला तर वरच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात.

घनता म्हणजे काय?

स्तनामध्ये मुख्यतः तीन प्रकारच्या पेशीसमूहांची रचना असते. दूध तयार करणाऱ्या ग्रंथी व दूध वाहून नेणाऱ्या नलिका, त्यांना आधार देणारे तंतू, आणि मधल्या जागा भरून काढणारी चरबी. मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा खास क्ष-किरण फोटो. या फोटोत चरबी काळपट दिसते. ग्रंथी आणि तंतू पांढरे दिसतात. पांढरा भाग जितका जास्त, तितका स्तन 'घन' किंवा 'डेन्स' म्हणायचा. अहवालात ए, बी, सी, डी असे चार गट लिहिलेले असतात. ए म्हणजे जवळजवळ सगळी चरबी, डी म्हणजे अतिशय घन. अमेरिकेतील स्त्रियांत साधारणपणे दहांत एक पहिल्या गटात, एक शेवटच्या गटात आणि उरलेल्या आठजणी मधल्या दोन गटांत निम्म्या-निम्म्या असतात. म्हणजे घन स्तन असणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. तो आजार नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्तन हाताला घट्ट लागतो की मऊ, लहान आहे की मोठा, यावरून घनता ठरत नाही. ती फक्त फोटोत कळते.

आता अडचण कुठे येते ते पाहा. कर्करोगाची गाठसुद्धा फोटोत पांढरीच दिसते. आपल्या खानदेशातला कोणीही शेतकरी हे चटकन समजेल. काळ्या रानात पडलेले कापसाचे बोंड लांबून दिसते. तेच बोंड जिनिंगमधल्या कापसाच्या गंजीत टाकले तर शोधणार कसे? अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, चरबीयुक्त स्तनांतील शंभर कर्करोगांपैकी ८७ मॅमोग्राफीने पकडले. अतिघन स्तनांत मात्र ६३ च पकडले गेले. उरलेले त्या पांढऱ्या गंजीत लपून राहिले.

दुसरी गोष्ट अशी की घनता स्वतःच धोका थोडा वाढवते. १९७६ साली अमेरिकेतील जॉन वुल्फ या क्ष-किरणतज्ज्ञाने हे पहिल्यांदा ठामपणे मांडले, तेव्हा त्यावर बरीच शंका घेतली गेली. पुढच्या तीस वर्षांतील अभ्यासांनी ते खरे ठरवले. सर्वांत घन गटातील स्त्रियांना सर्वांत कमी घन गटातील स्त्रियांपेक्षा चार ते पाच पट धोका असतो. हा आकडा ऐकून घाबरू नये, कारण ही दोन टोकांची तुलना आहे. सर्वसाधारण स्त्रीशी तुलना केली तर अतिघन स्तन असलेल्या स्त्रीचा धोका सुमारे दुप्पट भरतो, आणि अशा बहुसंख्य स्त्रियांना हा रोग कधीच होत नाही.

बाळंतपणाने काय बदलते?

मुलगी वयात येते तेव्हा स्तनातील नलिका वाढू लागतात, पण त्यांच्या टोकांच्या ग्रंथी अपुऱ्या, कच्च्या अवस्थेत राहतात. पहिले गर्भारपण पूर्ण दिवसांचे झाले की त्या ग्रंथींची वाढ पुरी होते आणि त्या दूध तयार करण्याच्या कामाला लागतात. मूल अंगावरचे दूध सोडते तेव्हा कामाच्या नसलेल्या ग्रंथी आक्रसतात आणि त्यांची जागा हळूहळू चरबी घेते. म्हणूनच मुले झालेल्या स्त्रीचे स्तन, त्याच वयाच्या मुले न झालेल्या स्त्रीच्या मानाने, सरासरीने कमी घन असतात. बाळंतपणे जितकी जास्त आणि पहिले जितके लवकर, तितका हा फरक थोडा थोडा वाढतो. पुढे पाळी बंद झाली की ही घनता आणखी उतरते.

पूर्ण वाढ झालेल्या पेशी कच्च्या पेशींपेक्षा बिघडण्याची शक्यता कमी असते, असे शास्त्रज्ञ मानतात. निरीक्षण मात्र फार जुने आहे. इटलीतील रामाझिनी या वैद्याने अठराव्या शतकाच्या आरंभीच नोंदवून ठेवले होते की मठात राहणाऱ्या अविवाहित जोगिणींमध्ये स्तनाचा कर्करोग फार आढळतो. १९२६ साली इंग्लंडमध्ये डॉ. जॅनेट लेन-क्लेपन या विदुषीने कर्करोग झालेल्या आणि न झालेल्या स्त्रियांची पद्धतशीर तुलना केली आणि उशिरा लग्न, कमी मुले व अंगावर कमी पाजणे यांचा या रोगाशी संबंध दाखवला. १९७० साली जगातील सात भागांतील स्त्रियांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. अठरा वर्षांच्या आत पहिले मूल झालेल्या स्त्रियांना, पस्तिशीनंतर पहिले मूल झालेल्यांच्या मानाने, सुमारे एक तृतीयांश धोका असल्याचे त्यात दिसले.

२००२ साली तीस देशांतील ४७ अभ्यास एकत्र करून दीड लाखाच्या आसपास स्त्रियांची माहिती तपासली गेली. प्रत्येक बाळंतपणामागे धोका सुमारे ७ टक्क्यांनी, आणि अंगावर पाजण्याच्या दर बारा महिन्यांमागे आणखी सुमारे ४.३ टक्क्यांनी कमी होतो, असा हिशेब निघाला.

हे आपल्याकडेही दिसते. भारतातील पहिली कर्करोग नोंदणी १९६३ साली मुंबईत डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने सुरू झाली. त्या नोंदींत पारशी समाजातील स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण इतर समाजांहून जास्त दिसले. उशिरा लग्ने आणि थोडी मुले हे त्याचे एक कारण मानले गेले. १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे ग्रामीण भागातील देशातली पहिली नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील खेड्यांत स्तनाचा कर्करोग मुंबईच्या मानाने बराच कमी आढळला. लवकर झालेली, अधिक बाळंतपणे आणि दीर्घकाळ अंगावर पाजणे हा त्यातला एक भाग आहे.

मग पहिले वाक्य बरोबरच नाही का?

नाही, आणि याचे कारण साधा हिशेब आहे. धोका कमी होणे आणि धोका नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चार लेकरे झालेल्या आणि प्रत्येकाला दीड-दोन वर्षे पाजलेल्या बाईचा धोका तिच्या नशिबी अन्यथा जितका होता त्याच्या साधारण निम्म्यावर आला, असे म्हणू. निम्मा म्हणजे शून्य नव्हे. खेड्यांत हा रोग कमी आहे. पण खेड्यातली बाई उशिरा येते, आणि उशीर झाला की कमी धोक्याचा तिला काही उपयोग होत नाही. ज्या बाईला गाठ लागली आहे तिच्यापुरता तर सरासरीचा प्रश्नच संपला. तिच्या गाठीची तपासणी व्हायलाच हवी, मग तिला एक मूल असो की सहा.

शिवाय घनतेचे म्हणाल तर बाळंतपण हा त्यातला लहानसा हिस्सा आहे. जुळ्या बहिणींवर झालेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यातून असे दिसले की एका स्त्रीच्या आणि दुसऱ्या स्त्रीच्या घनतेत जो फरक असतो त्याचा सुमारे ६० टक्के भाग जन्मतःच, आईबापांकडून आलेला असतो. उरलेल्यात वय, वजन, पाळी सुरू आहे की गेली, बाहेरून घेतलेली संप्रेरके, आणि मग बाळंतपणे. तेव्हा "मला मुले झाली म्हणजे माझे स्तन घन नसणार" हा अंदाज घरी बसून कोणी बांधू नये. तीन-तीन मुलांच्या आयांचे स्तनही डी गटात निघतात.

आणखी एक बाब फार कमी लोकांना ठाऊक आहे. बाळंतपणाचे संरक्षण लगेच लागू होत नाही. २०१९ साली पंधरा अभ्यासांतील सुमारे नऊ लाख स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली. बाळंतपणानंतर काही वर्षे धोका उलट थोडा वाढतो, पाचेक वर्षांच्या सुमारास तो सर्वांत जास्त असतो, आणि त्याचा फायदा दिसू लागायला वीस वर्षांहून अधिक काळ जातो, असे त्यातून पुढे आले. पहिले मूल उशिरा झालेल्या किंवा घरात हा आजार असलेल्या स्त्रियांत ही वाढ अधिक दिसली. तरुण वयात हा रोग मुळातच कमी असल्याने वाढूनही तो धोका लहानच राहतो. तेव्हा कोणी बाळंतीण घाबरून जाऊ नये. पण "आत्ताच तर बाळंत झाली, तिला कॅन्सर कसा होईल?" हा युक्तिवाद टिकत नाही, एवढे मात्र नक्की.

दुधाची गाठ

तान्ह्या बाळाच्या आईला गाठ लागली की घरातल्या वडीलधाऱ्या बायका म्हणतात, "दुधाची गाठ आहे, शेक दे, कोबीचं पान बांध, बाळाला त्या बाजूनं जास्त पाज." पुष्कळदा ते खरेही असते. दूध साचून गाठ होते, कधी गळू होते, आणि ती उपचाराने बरी होते. अंगावर पाजत राहणेही योग्यच.

परंतु पाजणाऱ्या आईचे स्तन दुधाने भरलेले, अत्यंत घन असतात. हातालाही नीट कळत नाही आणि मॅमोग्राफीतही दिसायला अवघड जाते. म्हणून मी एक मुदत सांगत असते. दोन आठवड्यांत गाठ विरघळली नाही, किंवा औषध घेऊनही लालसरपणा गेला नाही, तर सोनोग्राफी करावी आणि डॉक्टरांनी सांगितल्यास सुईची तपासणी करावी. या दोन्ही तपासण्या पाजत असताना करता येतात. बाळाला त्यापासून काही अपाय होत नाही. सुईने गाठ पसरते हा तर निव्वळ खोटा समज आहे.

दुसऱ्या वाक्याबद्दल

"मूलबाळ नाही, म्हणून झालं." या वाक्याचा मला अधिक राग येतो. आपल्या देवपुरात पांझरेच्या काठी एकवीरा देवीच्या मंदिरात लोक हौसेने लेकरांची जावळे काढायला येतात. ज्या समाजात लेकरू हा एवढा आनंदाचा विषय आहे, तिथे लेकरू नसलेल्या बाईला आधीच पुष्कळ सोसावे लागते. त्यात आजार झाला की तोही तिच्या पदरात शिक्षा म्हणून टाकायचा, याला काय म्हणावे?

मूल न झालेल्या स्त्रीचे स्तन सरासरीने अधिक घन असतात आणि तिचा धोका थोडा अधिक असतो, हे खरे. याचा अर्थ एवढाच की तिच्या तपासणीकडे जास्त लक्ष द्यावे. ज्या बाईने लग्न केले नाही, जिला मूल झाले नाही, किंवा जिने शिक्षण-नोकरीपायी मूल उशिरा होऊ दिले, तिने काही गुन्हा केलेला नाही. आणि दवाखान्यात येणाऱ्या या रोगाच्या बहुसंख्य रुग्ण, पाहायला गेले तर, मुलाबाळांच्या आयाच असतात. कारण आपल्या समाजात बहुसंख्य स्त्रिया आयाच आहेत.

या निमित्ताने एक उलटा युक्तिवादही कधीकधी ऐकू येतो. "बघा, लवकर लग्न आणि लवकर मुलं हेच चांगलं; जुन्या लोकांचं बरोबर होतं." हा युक्तिवाद घातक आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या धुळे जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे चाळीसजणींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. कोवळ्या वयातले बाळंतपण म्हणजे रक्तक्षय, अडलेली बाळंतपणे, कमी वजनाची बाळे आणि मुलीचे सुटलेले शिक्षण. शिवाय लवकर आणि अनेक बाळंतपणे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका वाढवतात. ज्या बार्शीत स्तनाचा कर्करोग कमी दिसला, तिथेच नोंदणीच्या सुरुवातीच्या वर्षांत गर्भाशयमुखाचा कर्करोग स्त्रियांत पहिल्या क्रमांकावर होता. एका रोगापासून थोडे संरक्षण मिळावे म्हणून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला आई करायचे, हा आरोग्याचा हिशेब असूच शकत नाही.

पुढचा काळ वेगळा आहे

आता मुख्य मुद्द्याकडे वळते. महाराष्ट्रात १९९२-९३ साली एका स्त्रीला सरासरी २.९ मुले होत; २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा १.७ वर आला. आमच्या आज्यांची सात-आठ बाळंतपणे, आयांची तीन-चार, आणि आमच्या लेकींची एक किंवा दोन. ही चांगलीच गोष्ट आहे; मातामृत्यू कमी झाले, मुली शिकल्या. पण आज्यांना जे थोडेफार संरक्षण होते ते नातींना तेवढे असणार नाही, आणि त्यांचे स्तन अधिक घन राहतील. त्यात आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने साधारण दहा वर्षे आधीच, पन्नाशीच्या आसपास गाठतो. म्हणजे पाळी सुरू असतानाच, जेव्हा घनता मुळातच जास्त असते तेव्हा. तेव्हा "आमच्या घरात कोणाला नव्हतं" हा जुना भरवसा पुढच्या पिढीला पुरणारा नाही.

माझे मत

या सगळ्यावरून माझे मत असे बनले आहे की आपल्या भागात प्रत्येक बाईच्या स्तनांची हाताने तपासणी करणे आणि तिच्या बाळंतपणांची माहिती नोंदवणे, या दोन साध्या गोष्टी आपण नीट करत नाही, आणि फोटोच्या यंत्रावर मात्र फार विसंबतो.

गावोगावी शिबिरे होतात. हेतू चांगला असतो. पण पस्तिशीच्या, घन स्तन असलेल्या बाईचा मॅमोग्राफीचा फोटो काढून तिच्या हातात 'नॉर्मल' असा कागद द्यायचा आणि घनतेबद्दल एक शब्दही सांगायचा नाही, यात धोका आहे. पुढे गाठ लागली तरी ती त्या कागदाच्या भरवशावर घरी बसते. अमेरिकेत नॅन्सी कॅपेलो नावाच्या बाईंच्या बाबतीत असेच झाले. वर्षानुवर्षे त्यांचे अहवाल निर्दोष येत होते. २००४ मध्ये कर्करोग निघाला तेव्हा तो बराच पसरलेला होता, कारण स्तन घन आहेत हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. त्यांनी लढा दिला आणि २००९ साली त्यांच्या कनेक्टिकट राज्यात घनता कळवण्याचा कायदा झाला. सप्टेंबर २०२४ पासून तर सबंध अमेरिकेत प्रत्येक स्त्रीला तिची घनता कळवणे बंधनकारक झाले आहे. कॅपेलोबाई २०१८ साली गेल्या. आपल्याकडे कायद्याची वाट कशाला पाहायची? शिबिर भरवणाऱ्यांनी आणि केंद्रचालकांनी अहवालाच्या शेवटी मराठीत दोन ओळी लिहिल्या तरी पुरे : "तुमचे स्तन घन आहेत. हा आजार नाही. पण फोटोत गाठ लपू शकते, म्हणून डॉक्टरांना दाखवा आणि गरज असल्यास सोनोग्राफी करा."

आणि हाताची तपासणी? मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली मुंबईतील वस्त्यांत एक मोठा प्रयोग सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांत खास शिकवून तयार केलेल्या स्त्री आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी, असे चार वेळा, हाताने स्तन तपासले. वीस वर्षांचा पाठपुरावा करून २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांत रोग लवकरच्या पायरीवर सापडला. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मृत्यू घटल्याचे दिसले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरी लाखो रुपयांच्या यंत्राशिवाय, शिकवलेल्या हातांनी एवढे साधले, हे आपल्यासारख्या जिल्ह्याला फार मोठे आश्वासन आहे.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी अशी तपासणी व्हायला हवी. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या पाहणीत देशातील ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांत एकीचीही तपासणी पुरती झालेली नव्हती. इथे काम करायला जागा आहे. उपकेंद्रातील परिचारिका, आशाताई, आम्ही खाजगी डॉक्टर, सर्वांनी प्रत्येक बाईच्या केसपेपरवर चार गोष्टी लिहाव्यात : पहिले मूल कितव्या वर्षी, मुले किती, अंगावर किती महिने पाजले, आणि आई-मावशी-बहीण यांपैकी कोणाला हा आजार होता का. ही माहिती विचारताना सासू, नवरा यांना बाहेर बसवावे. बाई मोकळेपणी बोलते. आणि ही माहिती कोणाची तपासणी टाळण्यासाठी वापरायची नाही, हा नियम पक्का ठेवावा.

भगिनींनो, एवढे करा

महिन्यातून एकदा, पाळी संपल्यावर चार-पाच दिवसांनी, आंघोळीच्या वेळी आपले स्तन स्वतः पाहा आणि चाचपा. पाळी गेली असेल तर महिन्याची एक तारीख ठरवा. नवी गाठ किंवा जाडसरपणा, कातडीला खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्तासारखा स्राव येणे, काखेत गाठ लागणे, यांपैकी काहीही आढळले तर आठवड्याभरात डॉक्टरांकडे जा. आमच्याकडच्या बायाबापड्या म्हणतात, "दुखत नही, मंग कसाले दाखाडनं?" या रोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, म्हणून तर दाखवायची.

घाबरून जाऊ नका. बहुतेक गाठी साध्या निघतात. पण साधी आहे हे तपासणीने ठरू द्या. गाठ हाताला लागत असेल आणि फोटो निर्दोष आला असेल, तरीही थांबू नका. सोनोग्राफी आणि सुईची तपासणी होईपर्यंत प्रश्न सुटला असे समजू नका. धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, जळगावातही आहे; तिथे शल्यचिकित्सा विभागात दाखवता येते. कर्करोग निघालाच तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया आणि औषधोपचार येतात. शिधापत्रिका आणि ओळखपत्र सोबत न्या.

पुरुष वाचकांनाही एक सांगणे आहे. घरातली बाई आपले दुखणे सर्वांत शेवटी सांगते. पोरांच्या परीक्षा, कपाशीची वेचणी, कानबाईचे रोट, लेकीचे लग्न, सगळे उरकले की मग तिची पाळी येते. तेवढा अवधी ही गाठ देत नाही. "तुझी तपासणी झाली का?" एवढे एकदा विचारा, आणि तिला दवाखान्यात नेण्यासाठी एक दिवस मोकळा ठेवा.

लेकरे झाली, पाजली, मोठी केली, त्याचे पुण्य त्या बाईचे आहेच. पण त्या पुण्यावर तपासणी माफ होत नाही. आणि ज्या बाईला लेकरू झाले नाही, तिलाही तपासणीचा आणि आपल्या मायेचा हक्क तितकाच आहे.